डॉ. भूपेन हजारिका : नदीला जाब विचारणारा गायक

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली, ही गोष्ट आपल्या समाजातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाने आसामातून आलेल्या एका पंचविशीतील तरुणास डॉक्टरेट दिली, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. त्या तरुणाचा प्रबंध गाण्यावर नव्हता की चित्रपटावर नव्हता. भारतातील मूलोद्योग शिक्षणाची व्यवस्था प्रौढशिक्षणासाठी दृक्‌श्राव्य साधने कशी वापरू शकेल, हा त्याचा विषय होता. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के भरले होते. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यापर्यंत विचार पोहोचवायचा कसा, हा प्रश्न घेऊन हा तरुण सातासमुद्रापार गेला होता. त्याचे नाव भूपेन हजारिका. पुढे जग त्याला गायक म्हणून ओळखू लागले आणि प्रबंध विस्मृतीत गेला. परंतु ज्या प्रश्नावर तो लिहिला गेला होता, तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

भूपेनदांचा जन्म ८ सप्टेंबर १९२६ रोजी आसामच्या अगदी पूर्व टोकाला असलेल्या सदिया या गावी झाला. वडील नीलकांत आणि आई शांतिप्रिया यांच्या दहा अपत्यांपैकी ते थोरले. कुटुंब मूळचे शिवसागर जिल्ह्यातील नाझिरा येथील, आणि जन्माने कैवर्त समाजातील. कैवर्त म्हणजे नदीवर जगणारा, मासेमारी हा परंपरागत व्यवसाय असलेला समाज. आसामात तो अनुसूचित जातींत मोडतो. भूपेनदांच्या चरित्रांत हा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो, कधी कधी येतही नाही. त्यांच्या गाण्यांत नदी, नावाडी, कोळी आणि ओझे वाहणारा माणूस इतक्या वेळा का येतो, याचा विचार करताना तरी तो विसरून चालणार नाही.

वडिलांच्या चरितार्थामागे कुटुंब फिरत राहिले. १९२९ मध्ये गुवाहाटीतील भरलुमुख, १९३२ मध्ये धुब्री आणि १९३५ मध्ये तेजपूर. घरात आई गात असे. अंगाईगीते, लोकगीते, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकातील संत शंकरदेव व त्यांचे शिष्य माधवदेव यांची ‘बरगीत’ नावाची भक्तिपदे. मुलाच्या कानावर पडलेले हे पहिले संगीत. गुरुगृही जाऊन केलेली तालीम नव्हे. चुलीपाशी आणि पाळण्यापाशी ऐकलेले गाणे.

तेजपूरला एका सभेत या लहान मुलाने आईने शिकविलेले बरगीत म्हटले, आणि ते ऐकणाऱ्यांत दोन असामान्य माणसे होती. एक ज्योतिप्रसाद अगरवाला : राजस्थानातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या आसामात स्थायिक झालेल्या मारवाडी घराण्यातील कवी, नाटककार आणि स्वातंत्र्यसैनिक. १९३५ साली ‘जयमती’ हा पहिला आसामी चित्रपट त्यांनीच काढला, आणि त्यासाठी भोलागुडीच्या आपल्या चहामळ्यातच तात्पुरता स्टुडिओ उभा केला. दुसरे विष्णुप्रसाद राभा : बोडो आदिवासी कुटुंबात जन्मलेले चित्रकार, नर्तक, गायक, आणि पुढे शेतकऱ्यांच्या लढ्यासाठी भूमिगत झालेले क्रांतिकारक. आधुनिक आसामी संस्कृतीची जडणघडण करणाऱ्यांत हा मारवाडी आणि हा आदिवासी, दोघेही अग्रभागी आहेत. आणि त्यांनी आपला वारस म्हणून हात धरला तो कैवर्त समाजातील एका पोराचा. आसामच्या त्या पिढीकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९३६ साली या दोघांच्या प्रयत्नाने भूपेनला कलकत्त्यास नेण्यात आले आणि दहा वर्षांच्या वयात त्याच्या आवाजाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९३९ मध्ये ज्योतिप्रसादांच्या ‘इंद्रमालती’ या चित्रपटात तो गायला आणि पडद्यावरही दिसला. तेराव्या वर्षी त्याने स्वतः गीत रचले. स्वतःला अग्नियुगातील एक ठिणगी समजणाऱ्या मुलाचे ते गीत होते. वयाच्या मानाने ते धीट आहे. पण ज्या माणसांच्या सहवासात तो वाढत होता, त्यांचे बोलणेच तसे होते.

शिक्षण मात्र कुठेही खंडित झाले नाही, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. १९४० मध्ये तेजपूरहून मॅट्रिक, १९४२ मध्ये गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून इंटरमिजिएट, १९४४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातून बी.ए. आणि १९४६ मध्ये तेथूनच राज्यशास्त्रात एम.ए. काही काळ आकाशवाणीत नोकरी केल्यावर शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४९ मध्ये ते अमेरिकेस गेले.

ते तिकडे असतानाच, १५ ऑगस्ट १९५० रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. डोंगर कोसळले, नद्यांनी पात्रे बदलली आणि जुने सदिया गाव उद्ध्वस्त होऊन पुढे नदीच्या पोटात गेले. ज्या गावी जन्म झाला ते गावच नकाशावरून पुसले गेले. नदी अन्न देते आणि घरही नेते, हे ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना जो माणूस भेटला त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. पॉल रोबसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन गायक आणि नट. त्यांचे वडील जन्माने गुलाम होते. तारुण्यात ते गुलामीतून पळाले आणि पुढे धर्मोपदेशक झाले. पॉल रोबसन यांनी याच कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. पण काळ्या माणसाला वकिली करताना येणारा अपमान सोसवेना म्हणून ते रंगभूमीकडे आणि गाण्याकडे वळले. समतेचा उघड पुरस्कार आणि डाव्या चळवळीशी असलेली जवळीक यांमुळे १९५० मध्ये अमेरिकन सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. भूपेनदा त्यांच्या सहवासात आले ते नेमके याच काळात. गाणे हे करमणुकीचे साधन नसून समाज बदलण्याचे हत्यार आहे, ही दृष्टी त्यांनी रोबसनकडून घेतली. आपल्याकडे ज्यांनी भीमजलसे ऐकले आहेत, शाहिरांच्या डफावर रात्री जागविल्या आहेत, त्यांना ही दृष्टी नवी वाटणार नाही.

रोबसन मिसिसिपी नदीवरचे एक गाणे गात असत. मुळात ते १९२७ च्या ‘शो बोट’ या संगीत नाटकातील. गोदीवर ओझी वाहणारा काळा मजूर नदीकडे पाहतो; आपण राबून थकलो आहोत आणि ही म्हातारी नदी मात्र काहीच न बोलता वाहत आहे, असे त्याला वाटते. मूळ गाण्यात थकवा आहे आणि शरणागती आहे. रोबसन यांनी पुढे त्याचे शब्द बदलून त्यात लढण्याचा निर्धार आणला. भूपेनदा त्याही पुढे गेले. मायदेशी परतल्यावर त्यांनी जे आसामी गीत रचले, त्यात गाणारा माणूस नदीकडे नुसता पाहत नाही, तिला जाब विचारतो. दोन्ही तीरांवर असंख्य माणसे आक्रोश करीत असताना, माणुसकी ढासळत असताना, तू निर्लज्जपणे वाहतेस तरी कशी, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. आसामीत ती नदी लुइत, म्हणजे ब्रह्मपुत्रा, आहे. बंगालीत आणि हिंदीत ते गाणे गेले तेव्हा ती गंगा झाली.

या बदलाचे महत्त्व थांबून पाहण्यासारखे आहे. ज्या गंगेची या देशात आरती होते, जिच्या स्पर्शाने पाप धुतले जाते असे सांगितले जाते, तिलाच एका कैवर्ताच्या मुलाने भर सभेत प्रश्न विचारला. त्यात फक्त दुःखाचे वर्णन नाही. निरक्षरता, अन्नावाचून जगणारी माणसे, नेतृत्वहीन समाज यांचा उल्लेख येतो आणि गप्प राहणाऱ्यावर ठपका ठेवला जातो. आणि हे गाणे ऐकून कोणी रागावले नाही; लाखो लोकांनी ते आपले म्हणून गायले. आवाजाची ताकद कशास म्हणतात, ते येथे कळते.

त्यांचे दुसरे एक गीत पालखी वाहणाऱ्या भोयांचे आहे. मराठीत ‘भोई’ या एका शब्दात पालखी वाहणारा आणि मासे धरणारा असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत, हा योगायोग मनाशी ठेवून ते गाणे ऐकावे. चढणीची वाट, खांद्यावर बड्या माणसाची पालखी, आत रेशमी वस्त्रांची झळाळी, आणि बाहेर घामाने निथळणारी उघडी अंगे. सणाला पोराला एक नवे कापड घेऊ न शकलेला बाप पाऊल न चुकवता ती पालखी वाहतो. गाण्याचा ठेका भोयांच्या पावलांचाच आहे. ऐकणाऱ्याचा खांदा नकळत वाकतो. आणि शेवटी खांदा निसटला तर पालखी खाली येईल, ही जाणीवही त्यात आहे. हे गाणे समजायला वाचता यावे लागत नाही. कोलंबियाच्या प्रबंधात दृक्‌श्राव्य साधनांविषयी जे मांडले असेल ते असो. त्याचा प्रयोग त्यांनी आपल्या गळ्यावर केला.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी प्रियंवदा पटेल यांच्याशी विवाह केला. १९५२ मध्ये मुलगा तेज याचा जन्म झाला. १९५३ मध्ये भूपेनदा भारतात परतले. गुवाहाटी विद्यापीठात अध्यापकाची नोकरी मिळाली, इप्टा या जननाट्य चळवळीचे काम सुरू झाले. १९५५ मध्ये गुवाहाटीत भरलेल्या इप्टाच्या आसाम अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते चिटणीस होते. विद्यापीठाची नोकरी फार काळ टिकली नाही. ती सोडून ते कलकत्त्यास गेले आणि संगीतावर व चित्रपटांवर निर्वाह करू लागले. संसारही टिकला नाही. पत्नी परदेशी निघून गेली, मुलगा बापापासून दूर वाढला. लाखोंना आपला वाटणारा हा माणूस स्वतःच्या घराला फारसा मिळाला नाही, हे त्याच्या गौरवग्रंथांतूनही लपत नाही.

१९५६ साली त्यांनी ‘एरा बाटर सुर’ हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात लता मंगेशकर यांनी आसामी गीत गायले. याच सुमारास गौरीपूरच्या जमीनदार घराण्यातील प्रतिमा बरुआ या तरुणीचा आवाज त्यांनी लोकांसमोर आणला. ती गोआलपाडा भागातील माहुतांची आणि गाडीवानांची लोकगीते गात असे, आणि तोवर ही गाणी सभ्य बैठकीत म्हणण्याजोगी मानली जात नव्हती. १९५८ मध्ये माहुतांच्याच जीवनावर त्यांनी ‘माहुत बंधु रे’ हा बंगाली चित्रपट केला. पुढे ‘शकुंतला’ (१९६१), ‘प्रतिध्वनी’ (१९६४) आणि ‘लटिघटि’ (१९६६) या आसामी चित्रपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यांतील ‘प्रतिध्वनी’ खासी आदिवासींच्या एका लोककथेवर आधारलेला आहे. मानिक राइतोंग नावाचा दरिद्री, अनाथ तरुण रात्री बासरी वाजवितो, त्याची ही कथा. १९७६ मध्ये अरुणाचल प्रदेशात त्यांनी ‘मेरा धरम मेरी माँ’ हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शक म्हणून त्यांचे स्थान गायक भूपेनदांच्या बरोबरीचे नाही, असे माझे मत आहे. परंतु ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळविला नव्हता त्यांच्याकडे त्यांनी तो वळविला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण कसोटी मला १९६० साली दिसते. आसामच्या राजभाषेच्या प्रश्नावरून त्या वर्षी ब्रह्मपुत्रा खोऱ्यात आसामी व बंगाली भाषकांत दंगली उसळल्या. घरे जळाली, हजारो लोक निर्वासित झाले. भूपेनदा आसामी भाषेचे सर्वांत लाडके गायक. आपल्या बाजूचे एखादे जोशपूर्ण गीत लिहिले असते तर टाळ्यांना तोटा नव्हता. त्यांनी उलट केले. सिल्हेटकडील बंगाली कवी-गायक हेमांग बिस्वास यांच्याबरोबर त्यांनी कलापथक उभारले आणि दंगलग्रस्त भागांतून गावोगाव फिरून गाणी म्हटली. त्या दौऱ्यात दोघे मिळून एक कथागीत गात. हाराधन हा बंगाली शेतकरी, रंगमन हा आसामी शेतकरी. दोघांचेही घर गेले आहे, आणि दोघे आपापल्या भाषेत एकमेकांना आपली हकीकत सांगत आहेत. एकाच गीतात दोन भाषा, दोन गळे. कालपर्यंत एकमेकांवर चालून गेलेली माणसे ते शेजारी बसून ऐकत. भाषा अनेक येणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

माणसाने माणसाचा विचार करायचा नाही तर कोणी करायचा, हा साधा प्रश्न विचारणारे त्यांचे गीतही १९६० च्या दशकातलेच. ते आसामीतून बंगालीत गेले आणि दोन्ही बंगालांत घरोघरी पोहोचले. शिवदास बंद्योपाध्याय यांनी त्यांच्या अनेक गीतांना बंगाली रूप दिले. १९७१ मध्ये बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा त्या नवजात राष्ट्राचे स्वागत करणारे गीत भूपेनदांनी रचले. १९७७ च्या ‘सीमाना पेरिये’ या बांगलादेशी चित्रपटाला संगीतही दिले. गीत दुसऱ्या भाषेत नेताना ते शब्दाला शब्द ठेवीत नसत. जिथे जायचे तिथली नदी आणि तिथला माणूस गाण्यात यायला हवा, अशी त्यांची रीत होती.

१९६७ ते १९७२ या काळात नाओबोइचा मतदारसंघातून अपक्ष निवडून येऊन ते आसाम विधानसभेत बसले. राज्य शासनाच्या मालकीचा चित्रपट स्टुडिओ गुवाहाटीत उभा राहण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि त्याला नाव मिळाले ते ज्योतिप्रसादांचे. गुरूचे ऋण असे फेडले गेले. ‘आमार प्रतिनिधि’ हे मासिकही त्यांनी अनेक वर्षे संपादित केले.

१९७५ च्या ‘चमेली मेमसाब’ या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चहामळ्यातील मजूर स्त्री आणि इंग्रज मळेवाला यांची ती कथा. संगीतात मळ्यांतील मजुरांच्या झुमुर गीतांचा बाज आहे. १९७७ साल मात्र दुःखाचे गेले. धाकटा भाऊ जयंत, स्वतः नावारूपाला आलेला गायक, अवघ्या ३४ व्या वर्षी गेला.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध उत्तरायुष्यात दृढ झाला. दिग्दर्शिका कल्पना लाजमी या त्यांच्या प्रदीर्घ काळच्या सहचारिणी, आणि मुंबई हे त्यांचे दुसरे घर. लाजमींचा ‘एक पल’ (१९८६) आणि त्यानंतर ‘रुदाली’ (१९९३). महाश्वेता देवींच्या कथेवरील या चित्रपटात पैसे घेऊन दुसऱ्याच्या मयतीला रडणाऱ्या, गावकुसाच्या कडेला जगणाऱ्या स्त्रीचे जीवन आहे. ‘दिल हूम हूम करे’ हे त्यातील गीत ज्यांनी ऐकले नाही असा पालक विरळा. त्याची चाल ‘मणिराम देवान’ या जुन्या आसामी चित्रपटातील भूपेनदांच्याच गीताची. गुलजार यांनी हिंदी शब्द लिहिताना काळजाच्या धडधडीचा तो आसामी नाद तसाच ठेवला. त्या दोन अक्षरांचा अर्थ कोणी विचारला नाही, आणि समजला मात्र सर्वांना.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. पद्मश्री १९७७ मध्ये, १९९२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९९३ मध्ये आसाम साहित्य सभेचे अध्यक्षपद, १९९८ ते २००३ संगीत नाटक अकादमीचे अध्यक्षपद, २००१ मध्ये पद्मभूषण. २००४ साली त्यांनी भारतीय जनता पक्षातर्फे गुवाहाटीतून लोकसभेची निवडणूक लढविली आणि ते हरले. इप्टाच्या व्यासपीठावर वाढलेल्या, डाव्या विचारांच्या या गायकाचे हे वळण त्यांच्या अनेक जुन्या चाहत्यांना रुचले नाही. काहींनी ते शेवटपर्यंत माफ केले नाही. मोठ्या माणसाच्या आयुष्यातील न पटणारी पाने फाडून टाकण्याची आवश्यकता नाही. तीही वाचावीत आणि गाणी ऐकत राहावीत.

५ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पार्थिव गुवाहाटीस नेण्यात आले. अंत्यदर्शनासाठी जजेस फील्डवर लोटलेली गर्दी रात्रंदिवस हटेना, म्हणून अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलावे लागले. रांगेत चहामळ्यातील मजूर होते, नावाडी होते, आदिवासी होते, आसामी आणि बंगाली दोन्ही होते. ९ नोव्हेंबरला जालुकबारी येथे, विद्यापीठाच्या जमिनीवर, त्यांना निरोप देण्यात आला. मृत्यूनंतर पद्मविभूषण आणि २०१९ मध्ये भारतरत्न जाहीर झाले.

२०१७ साली ढोला आणि सदिया यांना जोडणारा, लोहित नदीवरील ९.१५ किलोमीटर लांबीचा पूल वाहतुकीस खुला झाला आणि त्याला भूपेन हजारिका यांचे नाव देण्यात आले. तोवर सदियाला जायचे तर नावेतूनच जावे लागे, आणि पावसाळ्यात नदी चढली की तीही बंद असे. आता त्या काठची मुले पुलावरून पलीकडे जातात.